टोपीवाला एम

सावनेरात एखादी गोष्ट बंद पडली की दोष कोणाचा हे आधी ठरतं, बिघाड नंतर सापडतो. दोषासाठी तीन जागा कायमच्या राखीव आहेत : वीज, नेटवर्क आणि नागपूर. वीज असेल आणि मोबाइलच्या कोपऱ्यात दोन दांड्या उभ्या असतील, तर उरतं नागपूर. ते तासाभरावर असल्यामुळे त्याला दोष देणं सोयीचंही पडतं. इथून बोललेलं तिथे ऐकू जात नाही, आणि फारच राग आला तर एसटी पकडून जाऊन बोलता येतं.

या तिघांपैकी एकाचाही हात नसलेला एक बिघाड मध्यंतरी गावातल्या एका पतसंस्थेत झाला. संस्थेचं नाव सांगत नाही. त्यांनी मला सभासद करून घेतलेलं नाही, तरीही सांगत नाही. सभासद शेतकऱ्यांची यादी होती : नाव, गाव, रक्कम आणि शेवटच्या रकान्यात खाते क्रमांक. संस्थेच्या विंडोज कॉम्प्युटरवर तयार झाली, नागपूरला गेली आणि दुसऱ्या दिवशी वापस आली. प्रत्येक नावापुढे एकच शेरा होता, खाते क्रमांक चुकीचा.

व्यवस्थापकांनी पासबुकं मागवली. कारकून पडद्यावरचा आकडा वाचे, शिपाई पासबुकावर बोट ठेवी आणि व्यवस्थापक मान हलवत. अकरा आकडे इथे, अकरा तिथे. नागपूरला फोन लावला तर पलीकडचा म्हणाला, "तुमचा नंबर बारा अक्षरांचा येऊन राहिला जी." व्यवस्थापकांनी पुन्हा मोजलं, या वेळी बोटांवर. बोटं दहाच असल्यामुळे शेवटचा आकडा शिपायाच्या अंगठ्यावर मोजला. तरीही अकराच. नागपूरच्या मशीनला मोजता येत नाही, असा ठराव तोंडी मंजूर झाला.

इथवर सगळं रीतसर होतं. पण यादीतलं एक नाव पास झालं होतं. एकच, आणि तेही शेवटचं.

यादी अ-आ-इ-ईच्या क्रमाने लावलेली. शेवटच्या गृहस्थांचं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं. ज्ञने नाव सुरू होणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं जातं याची क, ग आणि प वाल्यांना कल्पना नसते. शाळेच्या हजेरीत ते शेवटचे, तोंडी परीक्षेत शेवटचे. त्यांचा नंबर येईपर्यंत मास्तरांचे सोपे प्रश्न संपलेले. साठ वर्षांत या काकाजींना पहिल्यांदा कोणत्या तरी यादीत सगळ्यांच्या आधी काही मिळालं, आणि त्याच संध्याकाळी चौकात चौकशी बसली.

"काऊन जी, यायचेच पैसे कसे काय आले?"

"साळा आहे त्यायचा नागपुरात."

"साळा तं सगळ्यायचाच नागपुरात आहे."

"पण यायचा कॉम्प्युटरवर बसते."

काकाजींनी शपथा घेतल्या. साळा कॉम्प्युटरवर बसत नाही, कॉम्प्युटरच्या दुकानाशेजारच्या पानठेल्यावर बसतो, असंही सांगितलं. ते कोणाला पटलं नाही. खरं कारण याहून सोपं होतं. यादीतली प्रत्येक ओळ टंकून झाल्यावर कारकुनाने एंटर दाबलं होतं. शेवटच्या ओळीनंतर दाबलं नव्हतं, कारण काम संपलं होतं आणि चहा आला होता.

एंटर ही कळ दाबायला एक असली तरी विंडोज तिची दोन अक्षरं लिहितं. पहिलं ‘कॅरेज रिटर्न’, म्हणजे गाडा डावीकडे परत आण. दुसरं ‘लाइन फीड’, म्हणजे कागद एक ओळ वर सरकव. आस्की या संकेतात पहिल्याचा क्रमांक १३ आणि दुसऱ्याचा १०. नागपूरचं यंत्र लिनक्सवर चालणारं. लिनक्सच्या मते ओळ संपवायला १० पुरे. मग हा १३ कुठून आला? तो ओळीतलाच मजकूर असणार, असं ते धरून चालतं आणि शेवटच्या रकान्याला चिकटवून टाकतं. अकरा आकडे आणि एक अदृश्य अक्षर, असे बारा झाले. नागपूरचं मोजणं बरोबर होतं. ही गोष्ट चौकात अजून कोणी मान्य केलेली नाही.

काकाजींच्या ओळीनंतर एंटर नव्हतं, म्हणून १३ही नव्हता, म्हणून अकराला अकराच आले. यात आणखी एक मौज आहे. लिनक्सवर ओळी मोजायची ‘डब्ल्यूसी’ नावाची आज्ञा असते. ती ओळी मोजत नाही, १० क्रमांकाची अक्षरं मोजते. ज्या ओळीच्या शेवटी ते नाही, ती तिच्या हिशेबात ओळच नव्हे. म्हणजे काकाजी मोजणीत नव्हते, आणि पैसे मिळाले ते फक्त काकाजींना. याद्यांचा अनुभव असलेल्या वाचकाला हे नवीन वाटणार नाही.

दोन अक्षरांची ही भानगड आली कुठून? तहसीलसमोरच्या टायपिस्टाकडून ज्यांनी कधी प्रतिज्ञापत्र करून घेतलंय त्यांना ती निम्मी ठाऊक आहे. ओळ संपत आली की ‘टण’ अशी घंटी व्हायची. टायपिस्ट डावीकडचा दांडा ढकलायचा. कागद एक ओळ वर सरकायचा आणि गाडा खडखडत मूळ जागी यायचा. कामं दोन, दांडा एक. गोदरेजने १९५५ साली भारतातला पहिला टाइपरायटर केला, त्यालाही हा दांडा होता. प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला अर्थात त्या घंटीचं एवढंच महत्त्व होतं, की प्रत्येक ‘टण’ला पानाचा दर जवळ येत चालला.

तारेवर चालणारे टेलिप्रिंटर आले तेव्हा दांडा ढकलायला माणूस नव्हता. मग या दोन कामांना दोन वेगळे संकेत दिले. टेलिटाइप कंपनीचं मॉडेल ३३ हे यंत्र १९६३ सालचं. ते सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. गाडा उजव्या टोकावरून डाव्या टोकाला यायला मात्र एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागे. तेवढ्यात पुढचं अक्षर आलं तर ते वाटेतच कुठेतरी उमटायचं. म्हणून आधी ‘परत ये’ सांगायचं, तो वाटेत असताना ‘कागद सरकव’ सांगायचं आणि तेवढा वेळ काढायचा. गाडा फारच सुस्त असेल तर मागे काहीच न करणारी रिकामी अक्षरंही पाठवत. काहीच न करणाऱ्याला रीतसर जागा देण्याची पद्धत आपल्या कचेऱ्यांनी शोधली असा माझा समज होता. तो अभिमान सोडावा लागला.

पुढे गाडा गेला, कागद गेला, पडदे आले. बेल लॅबमधल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सची सुरुवात केली. त्याआधीच्या मल्टिक्समधली पद्धत उचलून त्यांनी ओळीला एकच खूण ठेवली, १०, आणि पुढे लिनक्सही त्याच वळणावर गेलं. गाडा परत आणायचा की नाही ते यंत्राचं यंत्र पाहून घेईल. सीपी-एम नावाच्या प्रणालीने मात्र १३ आणि १० दोन्ही ठेवले. १९८१ च्या डॉसने ते तिच्याकडून घेतले आणि विंडोजला ते डॉसकडून आले. १९८४ साली ॲपलचा मॅकिन्टॉश आला आणि त्याने एकटा १३ पसंत केला, बहुधा कोणाशीच न पटावं म्हणून. २००१ मध्ये मॅक ओएस दहा आलं तेव्हा ॲपलही १० वर आलं. म्हणजे ओळ कुठे संपते या साध्या प्रश्नावर जगातल्या तीन हुशार घराण्यांची तीन मतं होती, आणि तिन्ही घराण्यांचा माल आमच्याकडे येतो.

हा प्रकार सावनेरकरांना कळायला सोपा जायला हवा. इतवारी-छिंदवाडा नॅरोगेज गाडी आमच्याच गावातून जायची. तिच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजचं १६७६. छोट्या गाडीतून आलेलं पोतं मोठ्या गाडीत चढवायचं तर डबा तसाच पुढे ढकलता येत नसे, माल उतरवून पुन्हा भरावा लागे. नागपूरला गेलेली आमची यादी म्हणजे नॅरोगेजचा डबा थेट ब्रॉडगेजवर ठेवणं झालं. फरक एवढाच, की रूळ दिसतात. २०१५ च्या अखेरीस ती छोटी गाडी बंद झाली आणि मोठे रूळ पडून त्यांवर गाडी धावायला काही वर्षं गेली. फाइलचे रूळ बदलायला सेकंदही लागत नाही. फक्त ते बदलायला हवेत हे कोणाला तरी सुचावं लागतं.

आमच्याकडे ते व्यवस्थापकांच्या भाच्याला सुचलं. भाचा पुण्याला हिंजवडीत असतो. दिवाळीत येऊन त्याने मामांच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू टाकून दिलं होतं. ‘आता व्हायरस येणार नाही’ एवढं सांगून तो गेला, आणि खरंच काही आलं नाही, कारण तो कॉम्प्युटर कोणी लावलाच नाही. या प्रसंगी त्यावरची चादर निघाली. पुढचं बोलणं स्पीकरवर झालं आणि ऐकायला निम्मी गल्ली होती.

"मामाजी, काळी खिडकी उघडली का?"

"उघडली. हे काऊन काळी आहे बेटा? जुना आहे म्हणून का?"

"तशीच असते. आता लिहा. सी, ए, टी. मग एक जागा सोडा. मग आडवी रेघ. मग मोठा ए."

"आडवी रेघ वरची का खालची?"

"मधली."

"मधली... सापडली. पुढं?"

"पुन्हा जागा. मग फाइलचं नाव."

इथे पहिली अडचण आली. फाइलचं नाव होतं ‘शेतकरी यादी फायनल नवीन फायनल दोन’. लिनक्सला नावातली मोकळी जागा म्हणजे नाव संपल्याची खूण वाटते. त्यामुळे काळ्या खिडकीने एकीच्या जागी सहा फाइली शोधल्या आणि एकही सापडत नाही म्हणून सहा तक्रारी केल्या. मामाजी म्हणाले, "हे तं आपल्या ऑफिसाहून जास्त तक्रारी करून राहिलं." नाव बदलून ‘यादी’ केलं. मग चाललं.

"आता ओळीच्या शेवटी पाहा. डोक्यावर टोपी घातलेला एम दिसतो का?"

मामाजींनी चष्मा पुसला. "अरे बाप्पा! इथं तं सगळे एमच आहेत!"

हे खरं होतं. मोठा ए लावून ‘कॅट’ चालवली की ती न दिसणारी अक्षरं दाखवते. १३ क्रमांकासाठी ती टोपीसारखं काकपद आणि त्याला चिकटून एम दाखवते, कारण इंग्रजी मुळाक्षरांत एम तेरावा. पण ही आज्ञा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी होती. इंग्रजीबाहेरचा प्रत्येक बाइट ती ‘एम, आडवी रेघ आणि आणखी काहीतरी’ असा छापते. युटीएफ-८ या संकेतात देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे एका ‘स’साठी तीन एम, आणि त्या तिघांत एक डॉलरही. ओळ संपल्याची खूण म्हणूनही ही आज्ञा डॉलरच दाखवते. यादीतल्या एकेका शेतकऱ्याच्या नावात इतके डॉलर एकदम कधी कोणी पाहिले नव्हते. काही एमांच्या अंगावर टोपीही होती, पण ती दुसऱ्याच कुणाची. या जत्रेतून एका विशिष्ट टोपीवाल्या एमला शोधायचं होतं.

"मामाजी, राहू द्या. एफ, आय, एल, ई लिहा. जागा. यादी."

ही ‘फाइल’ नावाची आज्ञा. या सगळ्या मंडळींत मला सर्वांत आवडलेली. ती काही बदलत नाही, काही पुसत नाही. फाइल पाहते आणि एका ओळीत सांगते, की युटीएफ-८ मजकूर आहे आणि ओळी सीआर-एलएफने, म्हणजे १३ आणि १०च्या जोडीने, संपतात. कचेरीत असा एक माणूस असता, कागद हातात घेऊन नुसतं ‘हा अमुक आहे आणि त्यात तमुक अडचण आहे’ सांगणारा, तर निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या.

रोग कळला. औषधं पुष्कळ आहेत. रीतसर औषध ‘डॉस टू युनिक्स’ नावाचं, १९८९ पासून चालत आलेलं. त्यातला ‘टू’ हा इंग्रजी दोनचा आकडा आहे, हे फोनवरून समजावण्यात बराच वेळ गेला. मामाजींनी आधी टी-ओ लिहिलं, मग टी-डब्ल्यू-ओ लिहिलं, मग देवनागरी दोन लिहिला. शेवटी बरोबर लिहिलं तेव्हा यंत्राने कळवलं, की हे औषध या घरात नाही, आधी मागवा. मागवायला इंटरनेट लागतं. नेटवर्कला दोष देण्याची ती संधी कोणी सोडली नाही.

मग भाच्याने घरगुती उपाय काढला, ‘सेड’. तो सगळ्या लिनक्सवर असतोच. "लिहा मामाजी. एस, ई, डी. जागा. आडवी रेघ, छोटा आय. जागा. एकेरी अवतरण. एस. तिरपी रेघ. आता उलटी तिरपी रेघ, मग आर. मग डॉलर."

"डॉलर कायले? आपला रुपयात व्यवहार आहे."

"डॉलर म्हणजे ओळीचा शेवट. मग सरळ तिरपी, पुन्हा सरळ तिरपी, एकेरी अवतरण, जागा, यादी."

याचा अर्थ असा : ओळीच्या टोकाला १३ असेल तर तिथे काहीच ठेवू नकोस, आणि बदल त्याच फाइलमध्ये कर. मामाजींनी एंटर दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. युनिक्सच्या जगात काम झालं की यंत्र गप्प बसतं. मामाजींना ते मानवलं नाही. झालं म्हणून शिक्का नाही, पावती नाही, निदान ‘टण’ तरी व्हायला हवं होतं.

यादी आता शुद्ध झाली होती. ती तशीच पाठवायची. पण व्यवस्थापक माणूस कागद न वाचता पुढे पाठवत नाही. त्यांनी ती ऑफिसात नेली, "एकदा नजरेखालून घालतो" म्हणून एक्सेलमध्ये उघडली, समाधानाने मान हलवली आणि जतन केली. एक्सेलने प्रत्येक ओळीच्या टोकाला १३ आणि १० पुन्हा लावून दिले. यादी पुन्हा नागपूरला गेली आणि पुन्हा वापस आली. आणि या खेपेला काकाजीही नापास झाले, कारण एक्सेल शेवटच्या ओळीलाही शेवट लावतं. चौकाला फार बरं वाटलं. साळ्याची वट संपली, असं ठरलं.

एक्सेलला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. नोटपॅडने तर उलट बाजूने किती वर्षं छळलं. १९८५ सालच्या पहिल्या विंडोजपासून ते आपल्यासोबत आहे, पण नुसता १० असलेली फाइल त्यात उघडली की ओळी संपतच नसत. सगळं गाव एकाच रांगेत उभं. रेशनच्या दुकानात जे कधी कोणाला जमलं नाही ते नोटपॅड रोज करून दाखवायचं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की नोटपॅड आता १०सुद्धा ओळखेल. तेहेतीस वर्षांनी. त्या मानाने आमचे रूळ लवकर बदलले म्हणायचे.

भाच्याच्या कंपनीतही हेच चालतं, फक्त एसीत. तिथे गिट नावाची वही असते. कोणी कोणती ओळ लिहिली याची ती नोंद ठेवते. एखाद्याने विंडोजवर फाइल उघडून एक स्वल्पविराम बदलला आणि ओळींची टोकं बदलली, तर वहीत सगळीच्या सगळी फाइल त्याच्या नावावर चढते. दुसऱ्याने वर्षभर राबून लिहिलेलं एका स्वल्पविरामात आपलं होतं. साहित्यक्षेत्रात याला थोडे तरी जास्त कष्ट पडतात.

साहित्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. ‘भावबंधन’ हे त्यांनी पूर्ण केलेलं शेवटचं नाटक. ‘बाळकराम’ या नावाने विनोद लिहिणारा माणूस ज्या गावात गेला, तिथे बसून विनोदी लेख लिहिणं हा आगाऊपणाच. पण गडकऱ्यांचं एक बरं होतं. ओळ कुठे संपवायची ते हाताने ठरवत. त्यांची कोटीवर कोटी रचत जाणारी वाक्यं टेलिटाइपवर घेतली असती, तर गाडा पलीकडच्या टोकाने खाली पडला असता.

आता ज्या औषधापासून वाचकांना सावध करायचं आहे त्याकडे येतो. त्याचं नाव ‘टीआर’. त्याला सांगायचं, की १३ दिसेल तिथे काढून टाक. तो काढून टाकतो. मजकूर आहे का, फोटो आहे का, विचारत नाही. १९९६ मध्ये पीएनजी हा चित्रांचा प्रकार ठरवणाऱ्यांना ही मंडळी माहीत होती. त्यांनी प्रत्येक चित्राच्या पहिल्या आठ बाइटांतच १३ आणि १०ची जोडी आणि एक सुटा १० पेरून ठेवला. कोणी ओळी सुधारायला हात लावला की ती जोडी मोडते आणि चित्र उघडायला नकार देतं.

टीआरला आणखी एक खोड आहे, खरं तर ती कवचाची, म्हणजे काळ्या खिडकीत आज्ञा वाचणाऱ्या ‘शेल’ची खोड. ज्या फाइलमधून वाचायचं तिचंच नाव लिहायच्या जागी दिलं, तर कवच वाचण्याआधी ती फाइल कोरी करून ठेवतं. मग टीआर अत्यंत निष्ठेने कोऱ्या फाइलमधून १३ काढतो. एकही उरत नाही.

आणि आपल्या मराठीचा खरा घात होतो तो युटीएफ-१६ या दुसऱ्या संकेतात. जुनं एक्सेल साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं करून टाकायचं. म्हणून पुष्कळ कचेऱ्यांत ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून जतन करण्याची सवय लागली. ते म्हणजे युटीएफ-१६. त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला दोन बाइट. टीआरने ओळीच्या टोकाचा १३ खाल्ला की तिथला एकच बाइट जातो, त्याचा जोडीदार शून्य मागे राहतो आणि पुढची सगळी गाडी एका बाइटाने सरकते. दुसऱ्या ओळीच्या टोकाला आणखी एक बाइट जातो आणि गाडी पुन्हा जागेवर येते. परिणाम असा, की पहिली ओळ मराठी, दुसरी भलतीच, तिसरी मराठी, चौथी भलतीच. एकाआड एक शेतकरी परदेशी. भलत्या ओळीत ‘सावनेर’ लिहिलेलं असेल तर त्याची चार चिनी अक्षरं, आंधळ्यांच्या ब्रेल लिपीतलं एक चिन्ह आणि शेवटी एक कंस होतो. ब्रेलचं होतं ते ‘न’चं. मी हे कागदावर मांडून पाहिलं आहे.

याहून मौज ‘ऊ’ची. युनिकोडमध्ये ‘ऊ’चा क्रमांक ०९०ए. त्यातला ०ए म्हणजेच आपला १०, ओळ संपवणारा. युटीएफ-१६ न कळणाऱ्या हत्याराला ‘ऊन’ शब्द दिसला की तिथे ओळ संपली असं वाटतं. विदर्भातलं ऊन माणूस संपवतं हे माहीत होतं, ओळही संपवतं हे नवीन. तसाच ‘ऍ’, क्रमांक ०९०डी, म्हणजे १३. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळालं ते २००८ मध्ये. तोवर आपण सगळ्यांनी वकिलांच्या नावामागे हाच ‘ऍ’ लावला. त्या काळच्या यादीवर टीआर चालवला तर तो वकिलाच्या पदवीपासूनच खायला सुरुवात करील. तरी आपण दोन अक्षरांवर सुटलो. गुजराती आणि गुरुमुखीच्या प्रत्येक अक्षरात १० दडलेला आहे, मल्याळमच्या प्रत्येक अक्षरात १३. आणि मल्याळमच्या ‘ऊ’चा क्रमांक आहे ०डी०ए, म्हणजे तेरा आणि दहा दोन्ही. केरळात कोणी ‘ऊ’ म्हटलं की टेलिटाइपचा गाडा परत यायला आणि कागद सरकायला हवा. आपल्या टाइपरायटरला ते जमलं असतं.

डॉस टू युनिक्सच्या नव्या आवृत्त्या फाइलच्या सुरुवातीची खूण पाहून युटीएफ-१६ ओळखतात आणि चित्राला हात लावत नाहीत. म्हणून इंटरनेट असेल तर तेच मागवा. मॅकवर सेड वापरणार असाल तर छोट्या आयनंतर रिकामी अवतरणं द्यावी लागतात, नाहीतर तो तुमच्या आज्ञेलाच जादा प्रतीच्या नावाची शेपटी समजतो.

पतसंस्थेची यादी अखेर पास झाली. भाच्याने फोनवर मामांकडून शपथ घेतली, की शुद्ध केल्यावर फाइल उघडायची नाही. मामांनी न उघडता पाठवली. ते त्यांच्या नोकरीतलं पहिलंच न वाचता पुढे गेलेलं कागदपत्र, असं ते दुःखाने सांगतात. सगळ्यांचे पैसे आले, काकाजींचे मात्र दुसऱ्यांदा आले. ते परत करायचा अर्ज त्यांनी दिला आहे. अर्जांच्या यादीत तो शेवटी आहे.

१३ आणि १० जाणार नाहीत. ई-मेल पोचवताना यंत्रं एकमेकांना जे निरोप देतात, त्यांतल्या ओळी ठरलेल्या नियमाने याच जोडीने संपतात, लिनक्सच्या यंत्रांतूनही. तेव्हा यादी पाठवणाऱ्या सर्व व्यवस्थापकांना, कारकुनांना आणि त्यांच्या भाच्यांना विनंती आहे : यादी युटीएफ-८ मध्ये जतन करा, नावात मोकळी जागा सोडू नका, आधी ‘फाइल’ आज्ञेला विचारा, आणि कोणतीही आज्ञा चालवण्यापूर्वी मूळ यादीची एक प्रत वेगळी काढून ठेवा. टीआरने खाल्लेलं परत मिळवून देणारी आज्ञा अजून कोणी लिहिलेली नाही.